गायकाची नगरसेवकी

लोकप्रिय गायकाने निवडणुकीस उभे राहावयाचे ठरविले की आपल्या समाजात दोन ठराविक उद्गार ऐकू येतात. ‘चांगला गात होता, कशाला या चिखलात उतरला’ हा पहिला. ‘सभेला गर्दी जमावी म्हणून धरून आणला असेल’ हा दुसरा. पहिल्यात कलेविषयीची हळहळ असते, दुसऱ्यात राजकारणाविषयीचे शहाणपण. परंतु त्या माणसाच्या गाण्याचे पुढे काय झाले, याची चौकशी करण्याचे श्रम सहसा कोणी घेत नाही. वास्तविक समीक्षेला येथे काम आहे. सभागृहात बसू लागलेल्या गायकाचा आवाज बदलतो काय, बदलत असल्यास कोणत्या अंगाने, आणि त्यात गाण्याचा लाभ होतो की हानी, हे गाण्यांच्याच आधारे तपासता येते. ब्राझीलचे जिल्बेर्तो जिल यांच्या गाण्यांवरून ते तपासण्याचा यत्न आम्ही येथे करीत आहोत.

जिल यांच्या राजकीय आयुष्याविषयी जे लिहिले जाते ते मुख्यतः २००३ ते २००८ या काळातील त्यांच्या संस्कृतिमंत्रिपदाविषयी. आम्हांस अधिक बोलकी वाटते ती त्याआधीची, बहुतेक परिचयांत एका ओळीत उरकली जाणारी गोष्ट : १९८९ पासून १९९२ पर्यंत ते आपल्या जन्मगावी, साल्वादोर शहरात, नगरसेवक होते. (इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांनी ‘पार्षद’ म्हणावे.) त्यांनी गाणे सोडले नव्हते, मैफली चालूच होत्या, तरी देशभर डोक्यावर घेतलेला गायक सांडपाणी आणि समुद्रकिनारा यांच्या चर्चेला जाऊन बसतो, ही घटना साधी नाही.

साल्वादोर हे गोमंतकीय वाचकांस अगदीच परके नाही. १५४९ साली पोर्तुगीजांनी वसविलेले आणि १७६३ पर्यंत ब्राझीलची राजधानी असलेले हे बंदर. गोव्याहून लिस्बनला परतणारी जहाजे सतराव्या-अठराव्या शतकांत वाटेत येथे नांगर टाकीत. आपल्या परसातला काजू मूळचा तिकडचा, तिकडचा आंबा आपल्याकडून गेलेला. परंतु या शहराचे अंतरंग घडविले ते आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी. त्यांच्या काँदोम्ब्ले या धर्माच्या देवस्थानांना बाईया प्रांतात १९७६ पर्यंत पोलिसांचा परवाना घ्यावा लागत असे. ज्या शहरात बहुसंख्यांनी आपल्या देवापुढे ढोल वाजविण्यासाठी पोलीस ठाण्यात नाव नोंदवावे, तेथे गाणे आणि नागरी हक्क यांच्यातील अंतर किती थोडे असेल, हे निराळे सांगावयास नको.

जिल यांचा जन्म १९४२ चा. वडील डॉक्टर, आई शिक्षिका. बालपण इतुआसू या आतल्या भागातील लहान गावी गेले. पहिले वाद्य अकॉर्डियन. मग जुवांव जिल्बेर्तो यांचे गाणे रेडिओवर कानी पडले आणि हाती गिटार आली. व्यवस्थापनाची पदवी घेऊन १९६५ मध्ये त्यांनी साँव पावलो येथे जेसी-लीव्हर कंपनीत नोकरीही धरली. आपल्या हिंदुस्तान लीव्हरचे हे ब्राझिली भावंड. साबण विकणाऱ्या कंपनीतून निघालेला हा तरुण पुढे मंत्री होऊन फायली हाताळताना गोंधळला नाही, याचे थोडे श्रेय त्या नोकरीसही द्यावे लागेल.

त्यांच्या स्वभावाचा एक विशेष १९६७ मध्येच दिसतो. त्या वर्षी जुलैमध्ये साँव पावलोच्या रस्त्यावर विजेच्या गिटारविरुद्ध मोर्चा निघाला. परदेशी वाद्य देशी संगीत बुडवील, अशी ओरड होती. त्या मोर्च्यात जिल चालले. आणि तीनच महिन्यांनी दूरदर्शनवरील गीतमहोत्सवात त्यांनी ‘रविवारी उद्यानात’ हे गाणे सादर केले ते ‘ऊस म्युतांतीस’ या रॉक वाद्यवृंदाच्या विजेच्या गिटारींसह, आणि बेरिम्बाव या बाईयाच्या एकतारी धनुष्यवाद्यासह. जत्रेच्या चक्रावर एका तरुणीसाठी दोन मित्रांत घडलेल्या खुनाची ती कथा. उत्कट, चित्रमय, आणि राजकारणाचा एक शब्दही नसलेली. गाण्याला दुसरा क्रमांक मिळाला. विरोधकांनी यास धरसोड म्हटले. आम्हांस वाटते, दोन बाजूंपैकी एक निवडण्याऐवजी दोहोंना एका घरात नांदविण्याची जी खोड पुढे त्यांच्या राजकारणात दिसते, ती येथून सुरू होते. या खोडीचे गुण आहेत, तसे दोषही आहेत. त्यांकडे आम्ही येऊच.

लष्करी राजवटीला असले संगीतही खपले नाही. डिसेंबर १९६८ मध्ये पाचव्या संस्थात्मक फर्मानाने उरलेसुरले हक्क गोठविल्यावर दोनच आठवड्यांत जिल आणि त्यांचे मित्र काएतानो वेलोझो यांना अटक झाली. आरोपपत्र नाही, खटला नाही. फेब्रुवारी १९६९ मध्ये सुटका, साल्वादोरमध्ये स्थानबद्धता, आणि जुलैमध्ये लंडनला हद्दपारी. तेथून ते १९७२ मध्ये परतले. जाण्यापूर्वी केलेले ‘ते आलिंगन’ हे सांबागीत ऐकणाऱ्यास निरोपाचे गोड गाणे वाटते. रिओ शहराला, फुटबॉल संघाच्या पाठीराख्यांना, दूरदर्शनवरील विनोदी सूत्रधाराला, सर्वांना मिठी. आणि त्या मालिकेत रेआलेंगो या वस्तीचेही नाव येते. त्या बाजूच्या छावण्यांत आपण कैदेत होतो, हे गायक सांगत नाही. ज्यास ठाऊक आहे त्याच्या काळजाला ते नाव टोचते, बाकीचे नाचतात. पुढे रिओच्या एका संग्रहालयाने या गाण्यास पारितोषिक देऊ केले, तेव्हा जिल यांनी लंडनहून लेख लिहून ते नाकारले. ‘खऱ्या’ सांबाकडे निमूटपणे परतलेला कृष्णवर्णीय म्हणून आपली पाठ थोपटली जावी, हे त्यांना मान्य नव्हते.

आता गांधींच्या मेळ्याविषयी. महात्माजींच्या हत्येनंतरच्या वर्षी, म्हणजे १९४९ च्या कार्निव्हालमध्ये, साल्वादोरच्या गोदी कामगारांनी एक मेळा काढला आणि त्याचे नाव ठेवले ‘फिल्योस दे गांधी’, गांधीचे पुत्र. अंगावर पांढरी चादर, डोक्याला टॉवेलचा फेटा, गळ्यात निळ्या-पांढऱ्या मण्यांच्या माळा. हातातल्या दुहेरी लोखंडी घंटेवर इजेशा हा काँदोम्ब्लेचा संथ ठेका. हिंदुस्थान यांपैकी बहुतेकांनी पाहिला असण्याचा संभव नाही. पण गोदीवरच्या हमालाला शांततेने मिरवणूक काढण्याचा अधिकार सिद्ध करावयास ते नाव उपयोगी पडले. जिल लंडनहून परतले तेव्हा मेळा मरणपंथास लागला होता, मोजकी माणसे उरली होती. ते त्यांच्यात सामील झाले, वर्षानुवर्षे चादर पांघरून रस्त्यावर चालले, आणि मेळ्यावर एक गाणे रचून ते १९७५ मध्ये जॉर्ज बेन यांच्यासह ध्वनिमुद्रित केले. गाण्यात जवळजवळ काहीच नाही : एकेका आफ्रिकी देवतेला नावाने हाक, आणि खाली उतरून हा मेळा पाहा, एवढी विनंती. त्यात उपदेश नाही, तक्रार नाही, गांधीविचाराचा गोषवारा तर मुळीच नाही. पण मेळा वाढला, आणि हजारोंचा झाला. जिल यांचे पहिले यशस्वी सार्वजनिक कार्य कोणते, असे विचारल्यास आम्ही याकडे बोट दाखवू. त्यांनी नवे मंडळ स्थापन केले नाही, असलेल्या मंडळात ते जाऊन उभे राहिले.

१९८५ मध्ये लष्करी राजवट संपली आणि त्याच वर्षी जिल यांचे ‘शहरातल्या झोपड्यांमध्ये’ हे गाणे आले. येथे त्यांचा सूर एकदम चढलेला आहे. झोपडपट्टीतील माणसाच्या आशा आटल्या, राज्यकर्ते वचने देतात आणि विसरतात, असे सांगून ध्रुवपदात ते या मंडळींना मूर्ख आणि ढोंगी म्हणून मोकळे होतात. चाल झकास, रॉकची. सभागृहात हजारो लोक बोट उंचावून ते म्हणत. आम्हांस मात्र हे त्यांचे दुय्यम गाणे वाटते. ‘ते’ मूर्ख, ‘आपण’ शहाणे, अशी सोयीची विभागणी त्यात आहे. ‘ते आलिंगन’मधील ठसठस नाही. आपल्या शाहिरीचा विचार मनात येतो. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांनीही राज्यकर्त्यांस झोडपले. पण अण्णा भाऊंच्या ‘मैने’मध्ये घरची ताटातूट आणि प्रांताची ताटातूट एका जिवात कालवलेली आहे, म्हणून बेळगावच्या वाचकांस ती आजही केवळ प्रचार वाटत नाही. जिल यांच्या १९८५ च्या गाण्यात असा जीव नाही, राग आहे.

पण त्या गाण्याने एक पेच निर्माण केला. दोनच वर्षांनी गायक स्वतः ‘त्यां’च्यात जाऊन बसले. १९८७ मध्ये ते साल्वादोर नगरपालिकेच्या ग्रेगोरियो दे मातोस प्रतिष्ठानचे, म्हणजे शहराच्या सांस्कृतिक खात्याचे, प्रमुख झाले. ज्याच्या नावाने हे प्रतिष्ठान आहे तो सतराव्या शतकातील कवी आपल्या जहरी उपहासामुळे ‘नरकाचे तोंड’ म्हणून ओळखला जाई आणि अखेर अंगोलात हद्दपार झाला. हद्दपार कवीच्या नावाच्या कार्यालयात हद्दपारी भोगलेला गायक, असा तो योग. १९८८ मध्ये जिल यांनी मानववंशशास्त्रज्ञ कवी आंतोनियो रिझेरियो यांच्यासह ‘काव्यात्म आणि राजकीय’ या अर्थाच्या शीर्षकाचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि महापौरपदासाठी उमेदवारी मागितली. पक्षाने ती नाकारून एका रेडिओ-निवेदकाला दिली. गाणारा नको, बोलणारा चालेल, असा हिशेब असावा. जिल नगरसेवकपदासाठी उभे राहिले आणि शहरात सर्वाधिक मते घेऊन निवडून आले.

आपल्या ना. धों. महानोरांची येथे आठवण होते. ‘जैत रे जैत’ची गाणी महाराष्ट्राच्या ओठांवर असतानाच, १९७८ साली, ते विधान परिषदेवर गेले आणि तेथे शेती व पाणी यांवर बोलत राहिले. पण महानोर नियुक्त होते. त्यांना कोणा प्रभागात जाऊन मते मागावी लागली नाहीत आणि ‘आमच्या गल्लीतला नळ कधी?’ या प्रश्नास रोज उत्तरही द्यावे लागले नाही. नियुक्त कवीकडे समाज आदराने पाहतो, निवडून आलेल्या गायकाकडे हिशेब मागतो. जिल यांनी दुसरे पत्करले.

त्या हिशेबात काय जमेस धरावे? पर्यावरण-रक्षण समितीचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले, पाण्याच्या रक्षणासाठी ‘ओंदा आझूल’ म्हणजे ‘निळी लाट’ ही संस्था काढली, १९९० मध्ये जुना पक्ष सोडून हरित पक्ष धरला. शहरासाठी घडलेला मोठा बदल यातून आला, असे मात्र म्हणवत नाही. साल्वादोरमध्ये सांडपाण्याच्या जाळ्यास जोडलेली घरे तेव्हा सुमारे एक चतुर्थांश होती. ते प्रमाण ८० टक्क्यांपर्यंत नेण्याची योजना १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रांतिक सरकारने राबविली. मुलांतील अतिसार त्यामुळे सुमारे एक पंचमांशाने घटल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. गटारे टाकली ती कर्जे काढणाऱ्या सरकारने आणि अभियंत्यांनी. समितीवरील गायकाने ‘समुद्र ही कचराकुंडी नव्हे’ हा विषय लोकांच्या बोलण्यात आणला. दोन्ही कामे लागतात, पण त्यांची अदलाबदल करून कलावंताचा गौरव करण्यात अर्थ नाही.

आता गाणे. नगरसेवकपदाच्या शेवटच्या वर्षी, १९९२ मध्ये, ‘पाराबोलिकामारा’ हा संग्रह आला. शब्द त्यांनी स्वतः घडविलेला : ‘पाराबोलिका’ म्हणजे छपरावरची तबकडी-अँटेना, ‘कामारा’ म्हणजे कापोएरा खेळणाऱ्यांच्या रिंगणात एकमेकांस घातली जाणारी ‘गड्या’ ही साद. शीर्षकगीतात कोळ्याच्या तराफ्याचा काळ, शिडाच्या होडीचा काळ आणि उपग्रहाचा काळ एकाच ठेक्यावर मोजलेले आहेत. सभागृह, ठराव, पक्ष यांचा मागमूस नाही. १९८५ चा आरोपाचा सूरही गेला. ‘तुम्ही मूर्ख’ म्हणणारा आवाज ‘गड्या’ म्हणू लागला. चार वर्षे समोरच्या बाकावरील माणसाशी रोज गाठ पडली की त्यास केवळ ढोंगी म्हणून भागत नाही, हे कारण असावे. गाणे म्हणून आम्ही ‘पाराबोलिकामारा’स ‘झोपड्यां’हून फार वर ठेवतो. त्यातील शब्दांची घडण, कोळी आणि उपग्रह यांना सारख्याच आपुलकीने वागविण्याची रीत, ही परिपक्व कारागिराची आहे.

परंतु येथेच हानीही दाखविली पाहिजे. १९९२ पासून प्रांतिक सरकारने पेलोरिन्यो या साल्वादोरच्या जुन्या चौकाची डागडुजी आरंभली. घरे रंगली, पर्यटक आले, आणि तेथे राहणारी गरीब कुटुंबे मोठ्या संख्येने उठविली गेली. याच चौकाचे साल्वादोरविषयीचे सर्वांत जळजळीत गाणे म्हणजे ‘हैती’. १९९३ मध्ये जिल आणि काएतानो यांनी संयुक्तपणे काढलेल्या संग्रहातील हे गाणे. चाल दोघांची, पण शब्द काएतानोंचे. जोर्जे आमादो यांच्या नावाच्या वास्तूच्या गच्चीवरून निवेदक खाली पाहतो : काळे शिपाई काळ्यांनाच बडवीत आहेत, आणि गरिबीमुळे काळ्यांत जमा झालेल्या गोऱ्यांनाही. ऑक्टोबर १९९२ मध्ये साँव पावलोच्या तुरुंगात मारलेले १११ कैदी त्या कवितेत येतात. गाणे जवळजवळ बोललेले आहे, आणि ते थेट ऐकणाऱ्याकडे वळते : गच्चीवर निमंत्रित म्हणून उभा असलेला तूही यात आहेस.

ज्यांनी या शहराच्या सभागृहात चार वर्षे काढली त्यांनी हे शब्द लिहिले नाहीत, मित्राने लिहिले, हा आम्हांस योगायोग वाटत नाही. दोन बाजूंना एका घरात नांदविण्याची जी खोड आम्ही वर सांगितली तिची ही किंमत आहे. समेट घडविणारा आवाज मारेकऱ्याचे नाव घेण्यास अडखळतो. जिल यांच्या चाहत्यांस हे मत रुचणार नाही. ते म्हणतील, चाल त्यांनी दिली, गायिले त्यांनी, तेवढे पुरे नाही काय? आमचे उत्तर असे की, कवितेच्या समीक्षेत शब्द कोणाचा, हे गौण मानता येत नाही. आणि तरीही, त्यांच्या आवाजावाचून ‘हैती’ला आज आहे ते वजन आले नसते, हेही खरे.

मंत्रिपदाचे थोडक्यात सांगतो. तेथे गांधीमेळ्याचीच रीत त्यांनी देशभर लावली. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘संस्कृतिबिंदू’ योजनेत सरकारने नवी सभागृहे बांधण्याऐवजी गावोगाव आधीपासून चालू असलेली नाट्यमंडळे, वाद्यपथके, वाचनगृहे हेरली आणि प्रत्येकास काही वर्षांच्या मुदतीत सुमारे १,८५,००० रेआल दिले. दुखऱ्या शरीरातील नेमके बिंदू दाबून रक्त खेळते करावे, तसे हे, अशी उपमा त्यांनी पदग्रहणाच्या भाषणातच दिली होती. अनुदानाचा काही भाग संगणक व ध्वनिमुद्रणाची साधने यांवर खर्च करण्याची अट होती. पुढे हिशेब-तपासणीच्या नियमांत लहान मंडळे जेरीस आली, हप्ते रखडले. इंदूरची साहित्य सभा काय, बडोद्याची वाङ्मय परिषद काय, हैदराबादचे ग्रंथ संग्रहालय काय, परप्रांतात पिढ्यान्पिढ्या आपल्या हिंमतीवर चाललेल्या संस्थांच्या चालकांस यातले काहीच नवे वाटणार नाही. आपल्याकडे ‘आम्ही काय नवे देऊ?’ असे विचारणारे येतात. ‘तुमचे काय चालू आहे?’ असे विचारणारा मंत्री आम्ही तरी पाहिलेला नाही.

स्वतःच्या गाण्यांबाबत मात्र हा मंत्री हतबल ठरला. काही गाणी सर्वांना मुक्तपणे वापरता यावीत, अशा परवान्याखाली ती खुली करण्याचे त्यांनी ठरविले, तर जुन्या ध्वनिमुद्रणांचे हक्क असलेल्या कंपनीने अडविले. बऱ्याच खटपटीनंतर एकच गाणे खुले करता आले. मंत्री असतानाही ते मैफली करीत, त्यावर टीका झाली. सप्टेंबर २००३ मध्ये बगदादच्या स्फोटात मेलेल्यांच्या स्मरणार्थ संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत ते गायिले आणि सरचिटणीस कोफी अन्नान यांनी त्यांच्याबरोबर ढोल वाजविला, तेव्हा ती टीका काही काळ थांबली. जुलै २००८ मध्ये संगीतासाठी त्यांनी राजीनामा दिला. २०२१ मध्ये ब्राझीलच्या साहित्य अकादमीवर त्यांची निवड झाली, आणि मार्च २०२५ मध्ये त्यांनी निरोपाच्या दौऱ्यास आरंभ केला तो साल्वादोरमधूनच.

ज्या वाचकांस हे संगीत ऐकण्याची इच्छा होईल त्यांनी १९८५, १९९२ आणि १९९३ ची ही तीन गाणी याच क्रमाने ऐकावीत, अशी आमची सूचना आहे. पोर्तुगीज समजणारी वडीलधारी मंडळी गोव्यातील घरांत अजून आहेत. त्यांना शेजारी बसवावे. बाकीच्यांना शब्द कळले नाहीत, तरी प्रत्येक गाण्यात आवाज कोणाकडे तोंड करून उभा आहे ते ध्यानात येईल.